जिझोच्या खालचं फूल

किनुयोच्या सरपणाच्या खोपटामागे किरेंगे फुललेली दिसली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा : चोरली मेलीने!

किनुयो माझी धाकटी जाऊ. माझं घर वर, तिचं चाळीस पायऱ्या खाली. आमच्या हिनोकुबो वाडीत एके काळी सात घरं होती, पण त्या वर्षी धूर निघायचा तो आम्हा दोघींच्याच घरांतून. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघंही गेले, आणि मागे आम्ही दोघी भांडायला उरलो. मी तेव्हा चौऱ्याहत्तरची, ती सत्तरची. माझ्या नाकावर राग आणि तिच्या जिभेवर तिखट, त्यामुळे डोंगरात शांतता अशी कधी नव्हतीच.

"काय गं, ही कुठून उपटून आणलीस?" मी पायरीवरूनच ओरडले.

किनुयो गुडघे धरत धरत बाहेर आली. "मी कशाला आणू? आपली आपण आलीय. तुझी फुलं माझ्याकडे माहेरपणाला आली बघ, ताई."

"फुलांना पाय फुटतात होय?"

"फुटले असतील. तुझा तोंडाचा पट्टा रोज ऐकून पळून आली बिचारी."

ती हसत होती, आणि माझं डोकं तापलं होतं. कारण किरेंगे म्हणजे माझी. आता ते असं बोलायला लाज वाटते, पण तेव्हा वाटायची नाही. कमरेएवढं झाड, जांभळट दांडा, मेपलच्या पानासारखी रुंद पानं आणि ऑगस्ट सरता सरता खाली मान घालून लोंबणारी लोण्याच्या रंगाची जाड पाकळ्यांची फुलं. धड उमलतच नाहीत कधी, अर्धं तोंड मिटूनच असतात. हे झाड कुठेही येत नाही. वर रानात तोचीच्या मोठ्या झाडांखाली एक घळ होती, बारा महिने सावली आणि पायाखाली ओल, तिथेच ते राहायचं. जिझोच्या वर. जिझो म्हणजे वाटेवरचा आमचा दगडी देव, गळ्यात लाल फडकं. त्याच्या खाली किरेंगे आल्याचं माझ्या सासूनेही पाहिलं नव्हतं.

हरणं माजली आणि त्यांनी सगळं रान खाऊन टाकलं. खालचं गवत नाही, नेचे नाहीत, नुसती माती आणि झाडांचे बुंधे, झाडून काढल्यासारखं रान. तेव्हा खालच्या गावातल्या मिनोदा मास्तरांनी फुलांचं मंडळ काढलं, घळीला जाळीचं कुंपण घातलं आणि चावी माझ्याकडे दिली. सोबत एक टोपी. टोपीवर लिहिलं होतं 'फूलराखी'. ऑगस्टात लांबून लांबून माणसं बघायला यायची, आणि मी टोपी घालून पुढे चालायची. नवरा गेल्यानंतर मला कुणी पुढे चालायला सांगितलं ते पहिल्यांदाच. नाकापेक्षा मोती जड झाला म्हणतात ना, ते माझं झालं.

म्हणून मी त्या दिवशी किनुयोला नाही नाही ते बोलले. चोर म्हणाले. तुला माझं चांगलं बघवत नाही म्हणाले.

तिचं हसू गेलं. "ताई, उचलली जीभ लावली टाळ्याला असं करू नकोस. माझे गुडघे तुला ठाऊक आहेत. मी जिझोच्या वर गेले त्याला सहा वर्षं झाली."

हे खरं होतं. मला कुणाहून जास्त ठाऊक होतं. पण मी तोंड फिरवून वर निघून आले.

चार दिवस बोलणं बंद. पाचव्या दिवशी सकाळी माझ्या उंबऱ्यावर झाकण ठेवलेली वाटी, आत कुट्टूच्या दाण्यांची आसट पेज, वर कांद्याची पात. तिची भांडण मिटवायची हीच रीत. मी वाटी परत द्यायला गेले, बरोबर चार बटाटे घेऊन. माझी ती रीत.

"बस," ती म्हणाली. "दार ढकलून ये, जोर लाव. सरकतच नाही ते हल्ली."

खरंच, सरकतं दार अर्ध्यावर अडलं. वरची चौकट एका बाजूला खाली झुकली होती.

"सुताराने लाकूड ओलं वापरलं," किनुयो म्हणाली.

"तीस वर्षांपूर्वीचं लाकूड आत्ता कुठे ओलं झालं वाटतं?"

"आणि हे बघ." तिने मोरीत बोट दाखवलं. मोरीत दोन तांबडे खेकडे चालत होते. झऱ्यात असतात तेच, नखाएवढे. "रोज सकाळी येतात. मी म्हणते या, पाहुणे तरी आहेत."

मी हसले. देवा, मी हसले त्या खेकड्यांना.

दुपारी मिनोदा मास्तर फुलं मोजायला आले. दरवर्षी मोजायचे, वहीत लिहायचे. मी मुद्दाम त्यांना किनुयोच्या खोपटामागे नेलं, म्हटलं तेच सांगतील उपटून आणलेलं झाड कसं दिसतं ते. मास्तर गुडघ्यांवर बसले, माती चाचपली आणि एकदम आनंदले.

"फुसाएबाई, हे कुणी लावलेलं नाही! मूळ बघा केवढं खोल आहे. हे बीपासून इथेच वाढलंय. चार-पाच वर्षं तरी झाली असतील. किरेंगे अशी कुठेही बसत नाही हो, पायाखाली बारा महिने पाणी लागतं तिला. बी वाहत आलं असेल, ओल मिळाली, बसली. नवी जागा! इथेही पाटी लावू."

किनुयोने माझ्याकडे बघून भुवई उडवली. "ऐकलंस ना? माझी माफी माग, ताई. दोन्ही हात टेकून."

मी हात टेकले नाहीत. मला काही ऐकूच येत नव्हतं. मी पायाखाली बघितलं. खोपटामागची माती, जिथे किनुयोचा नवरा उन्हात लाकडं वाळवायचा, ती हिरव्यागार शेवाळाने मऊ झाली होती. तिच्या मागचा दगडी बांध जेवून उठलेल्या माणसाच्या पोटासारखा पुढे आला होता. चार-पाच वर्षं, मास्तर म्हणाले. मी मनात मोजलं. सहा वर्षं.

आता ते सांगते, जे कुणाला सांगितलं नव्हतं.

घळीच्या वरच्या अंगाने एक चर जायचा. आमच्या पूर्वजांनी खणलेला, दगडांनी बांधलेला. वरून येणारं सगळं पाणी तो अडवायचा आणि बाजूच्या ओढ्यात नेऊन सोडायचा. सासरे सांगायचे, "डोंगराच्या अंगावरून पाणी जाऊ दे, पोटात जाऊ देऊ नको." चर साफ ठेवायची पाळी असे. सात घरांची नावं लिहिलेली एक लाकडी पाटी होती, ज्याच्या दारावर ती टांगलेली त्याची त्या महिन्याची पाळी. पाऊस मोठा आला की पाळीवाल्याने कुदळ घेऊन वर जायचं, मग घरात कुणी मरत असो. दोन घरं उरल्यावर पाटी माझ्या दारावरून तिच्या दारावर आणि तिच्या दारावरून माझ्या, अशी फिरायची.

त्याच्या सहा वर्षं आधी उन्हाळा कोरडा गेला. घळ सुकली, किरेंगेची पानं कडेने करपली. ऑगस्टात माणसं येणार, आणि मी टोपी घालून त्यांना काय वाळकी दांडकी दाखवू? मी वर गेले आणि चरात दगड रचले. फटी शेवाळाने आणि मातीने लिंपल्या. पाणी तुंबलं आणि घळीत उतरलं. आठवड्यात पानं ताठ झाली. त्या वर्षी तीनशे बारा फुलं आली, मास्तरांनी वहीत आकड्याखाली दोनदा रेघ मारली. मग मी ते दगड काढलेच नाहीत. त्याच सुमारास किनुयोचे गुडघे गेले, तेव्हा मी मोठ्या मनाने म्हटलं, तुझ्या पाळीलाही मीच जाते. ती दर महिन्याला विचारायची, "चर साफ केलास ना, ताई?" मी म्हणायची, "केला गं." ती म्हणायची, "तू आहेस म्हणून मी आहे."

सहा वर्षं डोंगर पाणी पीत होता. आणि आता ते पाणी तिच्या खोपटामागे येऊन फुललं होतं.

शहाणी असते तर त्याच क्षणी बोलले असते, मास्तरांसमोर. मी बोलले नाही. मास्तरांनी फोटो काढला, मी शेजारी उभी राहिले, टोपी घालून.

वादळाची बातमी दोन दिवसांनी आली. जिझोपाशी खांबावर गावाचा भोंगा आहे, तो खाकरला आणि म्हणाला, वयस्कर माणसांनी खाली शाळेत यायला सुरुवात करावी. तो वर्षातून चारदा असं म्हणतो. किनुयो त्याला उलट उत्तर द्यायची : "तूच ये वर, चहा पाजते."

मी सकाळीच पहार घेऊन वर गेले. माझा हिशेब असा, की दगड काढून टाकायचे, चर मोकळा करायचा, झालं. कुणाला कळायची गरज नाही. पाप धुतलं जाईल आणि टोपीही राहील.

रानात वारा नव्हता. कुंपणाच्या आत किरेंगे माना घालून उभ्या होत्या, शेकडो, आणि एकही हलत नव्हती. मी दगड उपसले. हात सोलले. शेवटचा दगड निघाला तसं तुंबलेलं पाणी चरातून धावलं आणि मला हायसं वाटलं. दहा पावलं धावलं असेल. मग ते दिसेनासं झालं.

मी पुढे गेले. चराच्या तळाला भेग होती. माझा हात मनगटापर्यंत आत जाईल एवढी, चराला आडवी कापून रानात दोन्हीकडे गेलेली. तिच्या वरची जमीन खालच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच राहिली होती. पाणी त्या भेगेत शिरत होतं, आवाज न करता. खाली कुठेतरी ताड् असा आवाज आला. मग जरा थांबून पुन्हा ताड्. वाळकी काटकी मोडावी तसा, पण जमिनीच्या आतून. मुळं तुटत होती.

मी भेगेत माती कोंबली. पानं कोंबली. शेवटी डोक्यावरची टोपीही कोंबली. मग मला रडू फुटलं आणि पाऊस सुरू झाला.

खाली आले तेव्हा किनुयो ओसरीवर वाल सोलत होती. "कुठे गेली होतीस एवढ्या पावसात? ही तर माझी पाळी, पाटी माझ्या दारावर आहे."

"चर बघायला."

"साफ केलास?"

"केला," मी म्हणाले. ते खरं होतं, पहिल्यांदाच. "किनुयो, आपण शाळेत जाऊया. दोघी."

"शाळेत? त्या गार फरशीवर? गेल्या वेळी तूच म्हणालीस, मेले तरी तिथे निजणार नाही, सगळे घोरतात."

"या वेळी मोठं आहे वादळ."

"तुला काय झालंय? फुलांची माफी मागायची नाही म्हणून मला गावाबाहेर काढतेस होय?" आणि हसली.

सांगायचं होतं. जीभ उचलत नव्हती. एरवी कुणाचं काही ठेवत नाही माझी जीभ, पण तेव्हा टाळ्याला चिकटली. मी स्वतःला म्हटलं, दगड काढलेत, उद्या बघू. रात्रभर पडून राहिले आणि पावसाचा आवाज ऐकला.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास मी नळ सोडला. आमच्या नळाला डोंगराचं पाणी येतं. ते तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं पांढुरकं आलं, आणि त्याला ओल्या तळघराचा वास होता. मी तशीच अनवाणी चाळीस पायऱ्या उतरले. किनुयोने चहाची किटली नुकतीच चुलीवर ठेवली होती. मोरीत खेकडे नव्हते. एकही नाही.

"किनुयो, ऊठ. देव्हाऱ्यातली नावाची पाटी घे नवऱ्याची, बाकी काही नको. निघायचं."

"अगं पण..."

"डोंगर येतोय. माझ्यामुळे." आणि मी सगळं सांगितलं. दगड, शेवाळ, तीनशे बारा फुलं, सहा वर्षं, भेग. उभ्या उभ्या सांगितलं, ओरडत, पावसाच्या वर आवाज काढून. शेवटी खाली बसले आणि दोन्ही हात टेकले. दोन्ही हात टेकून माफी माग म्हणाली होती ना ती, मी ती अशी मागितली.

मग ती भिंतीला धरून उठली आणि कोनाड्यातली नवऱ्याची कुदळ घेतली.

"कुठे निघालीस?"

"वर. माझी पाळी आहे."

"खुळी झालीस? मी काल दगड काढलेत! चर मोकळा आहे!"

"असं तू म्हणतेस." तिने गवताची टोपी डोक्यावर बांधली. "सहा वर्षं दर महिन्याला म्हणत होतीस. मी दर महिन्याला मान डोलावली. माझ्या नवऱ्याने तेहतीस वर्षं तो चर सांभाळला, ताई, ताप असला तरी गेला. आणि मी इथे चहा पीत बसले, तुझ्या जिवावर."

"भेग पडलीय तिथे, तू पाहिली नाहीस!"

"म्हणून तर बघायला जाते. तुझ्या डोळ्यांनी पुष्कळ पाहिलं."

मी तिचा हात धरला. तिने झटकला. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, आणि रागाने तिच्या गुडघ्यांत कुठून बळ आलं कोण जाणे. ती पायऱ्या चढली, माझ्या घरावरून गेली, मी मागे. तिला शिव्या दिल्या, हाका मारल्या, शेवटी पाय धरले. जिझोपाशी ती वळली.

"तू इथेच थांब. दोघी गेलो तर भोंग्याला उत्तर कोण देणार?"

तिने हे हसून म्हटलं की रागाने, ते पावसात मला दिसलं नाही. गेली दोन वर्षं मी तेच आठवायचा प्रयत्न करते.

मी थांबले नाही. मीही चढायला लागले, पण मला धाप लागली आणि वळणावर मी टेकले. ती वर तोचीच्या झाडांत शिरताना दिसली, पाठीवर कुदळ. मग ताड् ताड् ताड् असं सुरू झालं, थांबेचना. मग झाडं चालायला लागली. पडली नाहीत, उभीच्या उभी चालली, शेंडे हलवत, आणि त्यांच्यामध्ये जाळीचं कुंपण ताणलं, तुटलं, आणि ती सगळी पिवळी फुलं एकदम खाली निघाली. आवाज नंतर आला.

माझ्या पायापासून सहा हातांवरून ते गेलं. जिझो राहिला. भोंगा राहिला. माझं घर राहिलं.

आणि किनुयोचं घरही राहिलं. माती बांध फोडून खाली आली, खोपटाची एक भिंत घेतली, आणि स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीला येऊन थांबली. मी धडपडत आत शिरले तेव्हा चुलीवर किटली उकळत होती. झाकण वाजत होतं. ती तिथे बसून राहिली असती तर चहा प्यायली असती.

तिसऱ्या दिवशी माणसांना ती सापडली. कुदळ हातातच होती. चर जिथे होता तिथे ती पोहोचली होती, असं ते म्हणाले. दगड काढलेले आहेत हे तिने पाहिलं असेल की नाही, हे त्यांना सांगता आलं नाही. मी सगळ्यांना विचारलं. मी खरं बोलले होते, तेवढं तरी तिला कळलं का, एवढंच मला हवं होतं.

मी गावात सगळं सांगून टाकलं. मास्तर रडले, आणि नंतर कधी वर आले नाहीत. पाहुणे येत नाहीत. तिच्या मुलाने ओसाकाहून येऊन देव्हारा नेला आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बरोबर केलं त्याने.

सरकारने वर सिमेंटचा नवा चर बांधला. त्यात पानं अडकतात. पाटी मी तिच्या दारावरून काढून माझ्या दारावर टांगली आहे. महिना संपला की उतरवते, पुसते आणि परत तिथेच लावते, कारण दुसरं दार नाही.

खोपटामागची किरेंगे मातीने झाकली गेली नाही. या ऑगस्टात तिला सात दांडे आले. उपटावी असं शंभरदा वाटलं, पण तिचा काय दोष? पाणी जिथे आहे तिथे ती उभी राहते आणि तेवढंच सांगते, कुणी ऐको न ऐको. म्हणजे पाणी अजून आहे. मला माहीत आहे, आणि मी खाली शाळेत जात नाही.

रोज सकाळी चर साफ करून उतरताना मी त्या मागच्या पायरीपाशी थांबते. आत कुणी नाही हे मला कळतं, मी अजून खुळी झालेली नाही. तरी हाक मारते.

"किनुयो, साफ केला गं. या वेळी खरंच केला."